बापूचं गटार

बापूच्या गटाराचा विषय निघाला की गेली चाळीस वर्षं मी पानाचं तबक पुढे सरकवत आलो आहे.

बापू माझा धाकटा चुलतभाऊ. श्रीवर्धनला आमची घरं समोरासमोर, मध्ये पाखाडीची उतरती वाट. ती मातीची होती तोवर पाणी मुरायचं. दगड बसवल्यापासून आळीभरचा पाऊस तिच्यावरून धावत आमच्या अंगणांत शिरू लागला. तीस सालाच्या आसपास बापूने उन्हाळाभर खपून पाखाडीच्या कडेने जांभ्याचं गटार बांधलं, थेट वाडीमागच्या ओहोळापर्यंत. अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून तो उतार बघायचा. (मी हसायचो. बाटली बरोबर होती.)

पावसात गटार असं वाहिलं की माणसं छत्र्या घेऊन बघायला आली. माझी बायकोही.

"भावोजींचे हात सोन्याचे हो," ती म्हणाली.

"आणि माझे?"

"तुमचेही आहेत की," म्हणून तिने मला नारळ सोलायला बसवलं.

सोडणांचा ढीग पुढ्यात पडला. दुपारी आळी झोपलेली पाहून मी त्यातली पाच गटारात कोंबली. बापूचं अंगण जरासं तुंबावं, एवढीच इच्छा. पण त्याने अंगणालाही पाखाडीकडे उतार दिला होता. (पुन्हा बाटली!) तुंबलेलं पाणी वळलं ते माझ्या पडवीत शिरलं आणि वर्षाची असोली सुपारी घेऊन तरंगत निघालं.

"अण्णा, सुपारी चालली!" बापू धोतर खोचून पाण्यात उतरला.

त्याची पाठ वळताच मी सोडणं काढून चुलीत घातली. ओली सोडणं धुमसली, माझ्या डोळ्यांना धार लागली. बायकोला ते सुपारीचं दुःख वाटलं.

संध्याकाळी बापू टोपलीभर सुपारी गोळा करून दारात आला.

"माझाच उतार चुकला, अण्णा. दुसऱ्याच्या घरात पाणी घालणारं गटार काय कामाचं?"

मी तोंड उघडलं.

"मनाला लावून घेऊ नका, भावोजी," बायको म्हणाली. "हे काही बोलायचे नाहीत."

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पहार घेऊन गटार उखडलं, अंगणाचा उतारही मोडला. पुढे दर पावसाळ्यात दोन्ही घरांत घोटाभर पाणी.

माफी मागायला मी कितीदा तरी पाखाडी ओलांडली. शेवटची, तो अंथरुणाला खिळला तेव्हा.

"बापू, ते गटार..."

त्याने माझा हात धरला. "त्यावरून तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस, अण्णा. माफ केलंस ना?"

मी म्हणालो, "केलं रे."