धरणाकाठचा मारुती

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. नाशिकहून इगतपुरीच्या अंगाला, इंग्रजांनी बांधलेल्या एका धरणाच्या काठावर ते आहे, एवढं पुरे. का सांगत नाही ते पुढे कळेल.

मूळ गाव धरणाच्या पोटात आहे. साहेबाने भिंत घातली, खालच्या शेतांना पाणी द्यायचं ठरवलं आणि आमच्या माणसांना टेकाडावर जाऊन राहायला सांगितलं. कोणाला काही विचारायची पद्धत तेव्हा नव्हतीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती अजून दिसतात. तरी गावात कौतुक कसलं, तर त्या भिंतीचं. 'साहेबाचं काम लय पक्कं, अजून थेंब गळत नाय,' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्याचं घर बुडवलं त्यानेच भिंतीची तारीफ करत बसायचं, हे फक्त आम्हालाच जमतं.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, भिंतीबद्दल कधी बोलत नसत. त्यांचा विषय एकच, मारुती. काठावर, भर पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं तिथे, कमरेएवढा मारुती आहे. माझ्या पणजोबांनी तो बुडत्या गावातून, गळ्याएवढ्या पाण्यातून पाठीवर वाहून आणला आणि त्यातच ताप भरून ते गेले, अशी घरातली गोष्ट. म्हणून हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी शेंदूर चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिला नैवेद्य दाखवायचा मान आमच्या घराचा. एरवी दादा ग्रामसभेत मागच्या ओळीत बसणारे, गरीब स्वभावाचे. पण त्या दोन दिवसांत त्यांची चालच बदलायची. आई होती तोवर चिडवायची, "आले बघा मारुतीचे व्याही!" त्यावर दादा खरोखर रागावून म्हणायचे, "अगं, तो ब्रह्मचारी हाय."

मी नोकरीसाठी नाशिकला सातपूरला आलो आणि तिथेच राहिलो. शेंदूर कालवायला मात्र दरवर्षी गावी जायचो.

गेल्या वर्षी चैत्रात दादांनी मारुतीला हात लावला आणि शेंदराचा थर हलला. वर्षानुवर्षं चढलेला शेंदूर असा कधीतरी कवचासारखा सुटतो. देवाने कवच सोडलं म्हणतात आणि ते शुभ मानतात. दादा हरखले. आपल्या हातून हे व्हावं याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला चप्पल लांब काढून यायला लावलं. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून ते कवच अलगद सोडवलं. चांदीचे डोळे कवचाबरोबर निघून आले.

आत मारुती नव्हता. चारी बाजूंनी तासलेला दगड होता, त्यावर एक आडवी रेघ आणि रेघेखाली वर तोंड केलेला बाण.

तो बाण आमच्या गावचं शेंबडं पोरही ओळखतं. धरणाच्या भिंतीवर तो आहे, साहेबाच्या बंगल्याच्या पायरीवर आहे. साहेबाच्या मोजणीवाल्यांची ती खूण. पाणी कुठवर येणार ते दाखवायला असे दगड त्यांनी बसवले होते. लहानपणी आम्ही त्या खाचेतून बोट फिरवत बसायचो. दादांनीही सवयीने बोट फिरवलं आणि मग हात मागे घेतला.

त्यांनी पायथ्याची माती उकरली. दगड खाली चुन्यात बसवलेला होता, हलायचं नाव नाही.

"हा कोणी आणला नाय," दादा म्हणाले. "हा हितंच व्हता."

मला वाटतं, पणजोबा देव आणायला उतरले आणि रिकाम्या हाताने, अंगात ताप घेऊन परत आले. मग मागे राहिलेल्या पणजीने काय करावं? माणूस फुकट गेला, हे कुणाला सोसेल? काठावर उभा दगड दिसला, तिने त्याला शेंदूर लावला असेल. मला तिचा राग येत नाही. ज्यांच्या नकाशात फक्त पाण्याची रेघ होती, त्यांचा येतो.

"म्हंजे आपला देव खालीच हाय," दादा म्हणाले. "पाण्यात, एकलाच. आन आपण पोळी घालतोय ह्याला."

मी म्हटलं, "गावाला सांगू या. खरं काय ते कळू दे."

"नगं. लग्नं लागलीत ह्याच्याम्होरं. बाया रडल्यात हितं. कोणाला बोलायचं नाय."

त्यांनी रेघेवर, बाणावर जाड शेंदूर थापला आणि अंगठ्याने डोळे परत बसवले. दुसऱ्या दिवशी सगळं गाव पाया पडलं. पहिला नैवेद्य दादांनी पाण्याकडे तोंड करून दाखवला. म्हातारपण, असं लोकांना वाटलं. नव्या फडक्यात बांधलेलं कवच त्यांनी माझ्याजवळ दिलं आणि गंगेत सोडायला सांगितलं. नाशिकला परतल्यावर रामकुंडावर गोदावरीत ते सोडताना मला रडू आवरेना.

दादा भाद्रपदात गेले. यंदाचा शेंदूर मी एकट्याने चढवला, कुणाला काही बोललो नाही. पण गेल्या वर्षीच्या वैशाखातली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या वैशाखात पाणी उतरल्याबरोबर दादांनी मला बोलावून घेतलं होतं. पुरणपोळ्यांचा डबा माझ्या हातात, काठी त्यांच्या हातात, असे आम्ही भेगाळलेल्या गाळातून जुन्या गावात उतरलो. देऊळ कुठे होतं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. जिकडेतिकडे दगडच दगड, गाळाने माखलेले, सगळे एकसारखे. दादा एकेका दगडापुढे वाकायचे, हाताने तो पुसायचे, डोळे बारीक करून बघायचे.

"बोल की रं," ते म्हणाले, "ह्यातला तू कोणचा?"

मग त्यांनी डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडून एका दगडापुढे ठेवला, हात जोडले. पुढच्या दगडापुढे दुसरा तुकडा. उन्हात घामाघूम झाले तरी मला हात लावू देईनात. तुकडे लहान लहान होत गेले, शेवटी चिमटीएवढे उरले. डबा संपला तेव्हा आम्ही गावाच्या मध्यावरही पोचलो नव्हतो.

दादांनी रिकाम्या डब्यात पाहिलं, समोरच्या दगडांकडे पाहिलं.

"आणखी नाय आणल्या का रं?" त्यांनी मला विचारलं.

नाही आणल्या, मी म्हणालो.