अण्णांना सांगायला, सायकलवरून

शुक्रवारी दुपारी माझी नोकरी गेली आणि रविवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली. तिकडे अमेरिकेत घरांची कर्जं बुडाली म्हणून इकडे खराडीत माझं टेबल रिकामं झालं. एचआरमधली पोरगी गोड इंग्रजीत म्हणाली, "आम्ही तुम्हाला जाऊ देतोय." जाऊ देतोय! जसा काही मी दार ठोठावत बसलो होतो.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मिळेल रे दुसरी. पण अण्णांना तुझं तूच सांग, मला मध्ये घेऊ नकोस." अण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म एका सरकारी कचेरीत काढला आणि आई गेल्यापासून पर्वतीच्या पायथ्याशी जुन्या घरात एकटे राहतात. मी बँकेची परीक्षा पास झालो तेव्हा त्यांनी अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते. पुढे बँकेला नाही म्हणून मी कॉम्प्युटर कंपनीत गेलो, तर महिनाभर अबोला. शेवटी एवढंच म्हणाले, "प्रायव्हेटमध्ये कुणी कुणाचं नसतं. बघशील." ते 'बघशील' त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आमचं घरही खराडीतच. गाडीने गेलो असतो तर लगेच पोचलो असतो, म्हणून तर सायकल. कंपनीत सगळ्यांना तब्येतीचं वेड लागलं तेव्हा घेतलेली, आणि तेव्हापासून बाल्कनीत तिच्यावर आमचे टॉवेल वाळत होते. हडपसर मागे पडेपर्यंत मी ऐटीत होतो. स्वारगेटला येईतो गुडघ्यांनी हात टेकले.

मग कालव्याच्या कडेकडेने निघालो. खडकवासल्याचं हे पाणी. पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही यात पोहायला शिकलो, आणि अण्णांनी मला ओल्या चड्डीनिशी कान धरून घरी नेलं होतं. तिथे थांबलो. शाळेच्या फाटकापाशी थांबलो. जिच्या चिंचा पाडून आम्ही शिव्या खाल्ल्या, त्या चिंचेच्या जागी आता क्लासचं पार्किंग झालंय, तर तिथेही थांबलो. पार्किंगकडे बघत उभं राहणारा माणूस पुण्यात तरी दुसरा नसेल. मी म्हणे आठवणी काढत होतो. डोंबलाच्या आठवणी! घर जवळ येत होतं, आणि माझी टरकली होती.

कोपऱ्यावर लहानपणी आम्हाला तासावर सायकली देणारे काका अजून दुकानात बसतात. त्यांनी माझी सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली.

"मडगार्ड नाही?"

"अशीच येते, काका."

"स्टँड पण नाही. घंटी पण नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "एवढे पैसे घेऊन दिलं काय मग त्यांनी?"

मी हसलो.

"आणि आज सायकलवर कसे साहेब? नोकरी-बिकरी गेली की काय?"

मी आणखी जोरात हसलो. इतकं जोरात, की काकांनी पुन्हा एकदा नीट माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने टांग मारली.

अण्णा दारातच पेपर वाचत बसले होते.

"गाडी कुठाय?"

"सायकलने आलो."

"खराडीहून?" त्यांनी पेपर खाली घेतला. "डोकं फिरलंय का?"

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "अण्णा, माझी नोकरी गेली. शुक्रवारी."

त्यांनी पेपरची घडी घातली, मोडली, परत घातली. मी मान खाली घालून त्या जपलेल्या वाक्याची वाट बघत राहिलो.

"म्हणजे उद्या ऑफिस नाही तुला?"

"नाही."

"परवा?"

"परवाही नाही, अण्णा. नोकरी गेली म्हणजे रोजच नाही."

मी मान वर केली. अण्णांना आनंद झाला होता. तसं दिसू नये म्हणून त्यांनी तोंड शक्य तेवढं गंभीर केलं होतं, पण काही केल्या ते जमत नव्हतं. महिन्यातून एखाद्या रविवारी मी यायचो, खुर्चीच्या टोकावर बसायचो, फोन वाजला की उठून बाहेर जायचो आणि तिथूनच हात हलवून निघायचो.

"वाईट झालं," ते सुनेसमोर बोलल्यासारखं जपून म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता, ओरडून सांगितलं, "उद्या जरा लवकर ये. एकट्याने चहा प्यायचा कंटाळा आलाय रे मला."