मास्तरवाटेची खरी गोष्ट

मोरजीच्या उत्तरेला आमच्या गावचा कडा थेट समुद्रात उतरतो. पायथ्याच्या खडकांना शिनाणे लागतात, काळ्या शिंपल्यांचे, आमटीत गोड. वडिलांच्या पिढीतली माणसं काथ्याच्या दोराने उतरायची, दोरानेच वर यायची. दोराशिवाय नव्या जागेतून जो चढेल, त्याचं नाव त्या वाटेला, असा रिवाज. त्यातल्या एकीला मास्तरवाट म्हणतात. तो मास्तर मी.

गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी शाळेत नवा. थोरली वहिनी शिनाणे काढण्यात पटाईत. एका सुट्टीला हौसेने तिच्याबरोबर पुळणीवरून खडकांवर गेलो आणि इतका बोलत राहिलो की भरतीने परतीची वाट बुडाली. वहिनीने कासोटा आवळला, दोर खांद्यावर टाकला आणि पालीसारखी कडा चढून गेली. वर काजूला दोर बांधून खाली सोडला.

"भावजी, वयर बघा! समुद्र खंय पळान जाना नाय!"

टोपली दोराच्या टोकाला बांधून मी कसाबसा वर पोचलो. वहिनी झुडपाआड लुगडं पिळायला गेली, मी टोपली ओढू लागलो. तेवढ्यात आम्हाला शोधत माणसं आली. वहिनी ओलीचिंब, दोर माझ्या हातात.

"शाब्बास मास्तर! वहिनीक वर काढलास!"

मी गप्प राहिलो. वहिनी खुदकन हसली. घरी म्हणाली, "मी गप रवतंय. पण शिनाणे तुम्ही सोलूचे. जल्मभर."

जवळजवळ साठ वर्षं सोलतोय. बोटं चिरली की बरं वाटायचं, तेवढीच शिक्षा.

यंदा नात मित्रमैत्रिणींसोबत हेल्मेट आणि रंगीत दोर घेऊन मास्तरवाट चढायला आली. कड्याच्या फुगवट्याखाली अडकली. खालून ओरडली, "आजोबा, इथे कुठला पाय आधी टाकलात?"

मला काय ठाऊक! मी तिथून डोळे मिटून, दोराला लोंबकळत आलो होतो. काहीतरी ठोकून दिलं असतं, तर पोरगी खडकावर आपटली असती.

"मोठ्या आजीला विचार!" मी ओरडलो. "ही वाट ती चढली. मला तिने वर काढलं!"

काजूखाली खुर्चीत बसलेली वहिनी क्षणभरही न थांबता म्हणाली, "डावो पाय आधी गो! पोट दगडाक चिकटय!"

नात वर आली, धापा टाकत. "मग आता वाटेचं नाव बदलायचं!"

"बदल," वहिनी म्हणाली आणि भरलेली टोपली पायाने माझ्याकडे सरकवली.