मामेभावाचं पहिलं वाक्य

कन्नड मुलखातल्या चिटगुप्प्यात बसून मुंबईच्या मालिकेचे संवाद लिहिता येतात, हे आमच्या अप्पांना अजून पटलेलं नाही. मी मात्र सहा वर्षं तेच करते. सकाळी मोबाइलवर त्या दिवसाचे सीन येतात. सून चहा आणते, सासू टोमणा मारते, दार वाजतं. कोण काय बोललं ते मी दुपारपर्यंत लिहून परत पाठवते. कुणी विचारलं तर अप्पा सांगतात, "पोरगी मुंबईच्या एका बाईला भांडणं लिहून देती."

ती बाई म्हणजे आमच्या मालिकेच्या मुख्य लेखिका. उदगीरच्या कॉलेजात मी एक एकांकिका लिहिली होती, तिला त्या परीक्षक होत्या. त्यांनी माझा नंबर घेतला आणि दोन वर्षांनी खरोखरच फोन केला. पहिल्याच आठवड्यात मी एका प्रोफेसरीणबाईंच्या तोंडी "तू असं कामून करायलीस?" घातलं. मॅडमचा लगेच फोन आला.

"अगं, या बाई सदाशिव पेठेत राहतात."

"व्हय, मॅडम."

"आणि मलाही व्हय म्हणू नकोस."

त्या दिवसापासून मी स्वतःचं बोलणं दाराबाहेर चपलांसारखं काढून लिहायला बसू लागले. घरात कन्नड, अप्पांच्या कापडदुकानात दखनी, गल्लीत आमची मराठी आणि कागदावर पुण्याची. कधीकधी घोटाळा व्हायचा. एकदा भाजीवालीला मी "आपण मला पाव किलो वांगी द्याल का?" असं म्हणाले. तिनं मला तब्येत विचारली.

माझा मामेभाऊ जवळच्याच कोहिनूर गावचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. उंच, देखणा, आणि तूर-सोयाबीनवर काडीचं मन नसलेला. जत्रेतल्या नाटकात तो राजा झाला होता. एकही वाक्य त्याला धड म्हणता आलं नव्हतं, पण तो सिंहासनावर नुसता बसला तरी लोक गप्प व्हायचे. तेवढ्या भांडवलावर तो मुंबईला गेला. तिसऱ्या महिन्यात फोन आला.

"अक्का, काम मिळालं. हॉस्पिटलचा सीन हाय."

"डॉक्टर का?"

"न्हाई. मेलेला."

मेलेल्याचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. बाकीच्या मढ्यांची पोटं ऐन रडारडीत वरखाली व्हायची. आमचं पोरगं लहानपणापासून विहिरीच्या तळाशी बुडी मारून बसणारं, त्याचं पोट हलायचं नाही. "तो लांब मुलगा बोलवा, तो हलत नाही," अशी त्याची ख्याती पसरली. दोन वर्षांत तो अपघातात मेला, विषानं मेला, जिन्यावरून पडून मेला, एकदा स्वतःच्या साखरपुड्यात मेला. तो धंद्याशी इमानी होता. कामाच्या आदल्या दिवशी वरण खायचा नाही, पोट गुरगुरतं म्हणून. एकदा चादरीखाली त्याला गाढ झोप लागली आणि सगळे सामान आवरून निघून गेले. झाडायला आलेल्या बाईला त्यानं उठून विचारलं, "जेवण झालं का सगळ्यांचं?" ती बाई त्या स्टुडिओत पुन्हा आली नाही.

इकडे कोहिनूरला मामीनं पोरगा टीव्हीवर दिसणार म्हणून गल्ली गोळा केली होती. पोरगा दिसला तो नाकात कापूस घालून. मामीनं मिनिटभर बघितलं, टीव्ही बंद केला आणि त्याला फोन लावला.

"जेवलास का?"

"व्हय, आये."

"मग झालं," ती म्हणाली. तरी उठून मीठमोहऱ्या आणल्या आणि टीव्हीची दृष्ट काढली.

खरी अडचण लग्नाची झाली. आळंदचं एक चांगलं घर बघायला आलं होतं. पोरगा त्यासाठी मुद्दाम गावी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मुलीच्या आजीनं त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्याला तर गेल्या सोमवारी जाळला की." मंडळी चहा घेऊन गेली, ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मामी शेंगाचटणीचा डबा घेऊन चिटगुप्प्याला माझ्याकडे आली.

"तू लिहितीस न्हवं?"

"व्हय, मामी."

"मग त्येला उठीव."

मी समजावलं की गोष्ट मॅडम ठरवतात, मी फक्त बोलणं लिहिते.

"मग बोलायला लाव. मेलेला बोलत न्हाई एवढं मला कळतंय. म्हणूनच आधी उठीव म्हणायले."

डबा ठेवून ती गेली.

आणि महिनाभरात योग आला. आमच्या मालिकेतल्या आईचा लहानपणी हरवलेला मुलगा वीस वर्षांनी सापडणार होता, पण अपघातात मेलेला. त्या मढ्यासाठी अर्थातच आमच्या मढ्याला बोलावलं होतं. मी धीर करून मॅडमना फोन केला.

"मॅडम, तो उठला तर?"

मालिका तेव्हा घसरणीला लागली होती.

"डॉक्टरांनी मृत घोषित केलंय ना त्याला."

"डॉक्टर नवीन होता म्हणू."

संध्याकाळपर्यंत चॅनेलची परवानगी आली.

मी त्याला एकच वाक्य लिहिलं : "आई, रडू नकोस, मी आलो आहे." चार दिवस फोनवर त्याच्याकडून घोकून घेतलं. सेटवर आईचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवरच्या मुरलेल्या. त्या त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडू लागल्या, हा ताडकन उठून बसला आणि धास्तीनं म्हणाला, "आये, कामून रडायलीस? मी हितंच हाव की."

पुन्हा टेक घेतला. या वेळी वाक्य बरोबर आलं, पण सवयीनं श्वास रोखून, त्यामुळे बसस्टँडवरच्या घोषणेसारखं वाटलं. असे सात टेक झाले. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "पहिलाच ठेवा. मला रडू आलं ते तेव्हाच."

मॅडमचा मला फोन. "हा वाढला कुठे?"

"कोहिनूरला."

"अगं, पात्राबद्दल विचारतेय."

"तेही तिकडंच वाढलं असंल, मॅडम. एखाद्या शेतकऱ्याच्या घरात."

तसंच ठरलं. आणि त्याचे संवाद लिहायचे मी, ते आमच्या मराठीत. पहिल्या दिवशी गच्चीवर लिहायला बसले तर हात थांबेना. कुणी काही दुरुस्त करत नव्हतं. आईचं काम करणाऱ्या त्या बाई मला फोन करून विचारायच्या, "'कामून'मध्ये दुःख कुठल्या अक्षरावर येतं गं?" मी 'का'वर सांगायचे. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

मामी खूश होईल असं मला वाटलं होतं. पण आठ दिवसांत तिचा फोन आला.

"बोलायला लाव म्हणलं, तर त्या बाईला आये म्हणायलाय."

"मामी, ते काम हाय त्याचं."

"मढं होता तवा तरी कुणाला आये म्हणत नव्हता."

ही नाराजी महिनाभर टिकली. मग मामेभावानं एका रविवारी मलाही जोडून घेऊन मामीला आणि त्या बाईंना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर आणलं. बाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार गुणी आहे हो."

"आता तुमचाच हाय," मामी म्हणाली. तोंड दुसरीकडे करून.

"छे हो. सेटवर तीन वेळा भात वाढून घेतो आणि सांगतो, आयेच्या हातचं न्हाई."

मामीनं फोन नीट धरला आणि विचारलं, "वरण खातोय का?" पुढे अर्धा तास मला आणि त्याला कुणी विचारलं नाही.

मालिका पाच महिन्यांनी संपली. आता तो दुसऱ्या एका मालिकेत हवालदार आहे. आठवड्याला दोनतीन वाक्यं असतात, श्वास घेऊन म्हणतो. मॅडमनी पुढच्या मालिकेसाठी मला कथेच्या बैठकीतही घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मुलगी हुमनाबादची, शाळेत शिकवते, मालिका बघत नाही. लग्नाला मुंबईहून मालिकेतल्या आईच्या बाई कोहिनूरला आल्या. गावातल्या बायकांनी त्यांना घेरलं आणि मालिकेतल्या सुनेला घराबाहेर कामून काढलं म्हणून जाब विचारला. त्या बिचाऱ्या हात जोडून "चुकलं" म्हणत होत्या. तेवढ्यात मामी वाट काढत आली, त्यांचा हात धरून मांडवात घेऊन गेली आणि हळदीची वाटी पुढे केली.

"तुमी बी लावा," ती म्हणाली. "पर माझ्यानंतर."