आमच्या बागेतले तब्येतवाले

घरातल्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांची अर्धी पाकिटं जशी साठत जातात, तसे हे किस्से साठत गेले. कोणतं कधी आलं ते आठवत नाही, टाकून द्यायचा धीर होत नाही, आणि कोणतं कशावर चालतं हे तर देवालाच माहीत!

आमचा ग्रुप म्हणजे सिडकोतल्या एका बागेत रोज सकाळी साडेसहाला जमणारे आम्ही पाच जण. मी वैजापूरच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेलो. भिकनअण्णा सोयगावकडचे शेतकरी, आता पोराकडं राहायला आलेले. रशीदभाईंनी उभं आयुष्य बस चालवली. पाटणकर सर गणिताचे मास्तर. आणि मंदाताई, तीस वर्षं नर्स होत्या. आमच्यात खरं काही कळत असेल तर ते त्यांनाच. बाकी आम्ही चौघं नुसते गोंधळलेले. तूप खावं का नाही, चहा घेऊन चालावं का चालून चहा घ्यावा, पाणी बसून प्यावं का उभ्यानं... रोज मोबाइलवर नवा कायदा निघतो आणि दुसऱ्या दिवशी रद्द होतो. तहसीलमध्ये निदान जीआर तरी यायचा!

*

भिकनअण्णांच्या पोरानं त्यांना पावलं मोजायचं घड्याळ आणून दिलं. "दादा, रोज दहा हजार झाली पाहिजेत," असं बजावून पोरगा ऑफिसला गेला.

अण्णांना आधी हेच कळेना, की शेतात चाळीस वर्षं चाललो तेव्हा कुणी मोजली नाहीत, आता कशापायी मोजायची? पण सून संध्याकाळी घड्याळ तपासायची, म्हणून अण्णा मुकाट्यानं चालायचे.

एकदा सकाळी अण्णा बागेत आले ते थेट बाकावर बसले. हलायला तयार नाहीत. सर म्हणाले, "अण्णा, उठा. पावलं कोण पूर्ण करणार?"

अण्णांनी मनगट पुढं केलं. साडेसहालाच चार हजार झालेले!

आम्ही चक्रावलो. हा माणूस पहाटे चालून आला कुठून? सरांनी घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी मंदाताईंनी विचारलं, "अण्णा, पहाटे काय करत होतात?"

"काय नाय. देवळात काकडा व्हता. टाळ वाजवले."

म्हणजे हात हलला की घड्याळ पाऊल धरत होतं! सर म्हणाले, "अहो, पण ही पावलं तुमची नाहीत!"

"माझी नाय तर नाय," अण्णा म्हणाले, "देवाची म्हणून लिहा. पण आज म्या बसणार!"

*

पाटणकर सरांचा पाण्यावर फार विश्वास. उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी, तेही बसून, घोट घोट. सगळ्यांना तसंच सांगायचे. तिकडं रशीदभाईंना त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी पाणी मोजूनच प्या म्हणून सांगितलेलं. दोघांचं रोज भांडण. मधे बसून मी रोज एकदा तांब्या उचलायचो आणि एकदा ठेवायचो.

एकदा आम्ही गाडी करून अजिंठ्याला निघालो. सर नियमाप्रमाणे दोन तांबे पिऊनच आलेले. फुलंब्रीच्या आत गाडी दोनदा थांबली. सिल्लोडला थांबली. सिल्लोडच्या पुढं तर नुसतं शेत दिसलं तरी सर म्हणायचे, "जरा बाजूला घ्या."

पाचव्यांदा गाडी थांबली तसे रशीदभाई मागं वळले आणि हात जोडून म्हणाले, "सर, हम तीस साल गाडी चलाए. इंजिनमें भी इत्ता पानी नै डाले कभी!"

*

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच सांगतो.

साठी उलटली, शुगर तपासून घ्या, असं मंदाताईंनी वर्षभर मागं लागून सांगितलं. शेवटी गेलो. लॅबमधल्या मुलीनं विचारलं, "काही खाल्लंय का?"

"काही नाही."

तिनं सुई काढली. मी सहज म्हणालो, "फक्त चहा झालाय, दोनदा."

सुई परत ठेवली! दुसऱ्या दिवशी चहा नाही घेतला, पण तोंडात बडीशेप. तीही चालत नाही म्हणे. अहो, मग माणसानं तोंडात ठेवायचं काय? जीभ?

तिसऱ्या दिवशी एकदाचं रक्त घेतलं. आता जेवून दोन तासांनी परत यायचं होतं. घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. मी म्हटलं, परीक्षा आहे, जपून गेलेलं बरं. अर्धी भाकरी खाल्ली, थोडी मेथीची भाजी, भाताला हात लावला नाही. वर गल्लीत आठ फेऱ्या मारल्या. मग गेलो.

रिपोर्ट छान आला. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि सकाळी बागेत मंदाताईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, आणि विचारलं, "त्या दिवशी जेवलात काय?"

मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायची सोय नव्हती, त्या दिवशी बायकोही बागेत आलेली, शेजारीच उभी.

मंदाताईंनी रिपोर्टची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हा रिपोर्ट तुमचा नाही. हा त्या अर्ध्या भाकरीचा आहे!"

मग पुन्हा गेलो. नेहमीसारखं जेवून. तो रिपोर्ट मात्र माझाच होता. तेव्हापासून सकाळच्या चहात साखर नाही.

*

म्हातारपणी पडायचं नसेल तर तोल सांभाळायची सवय पाहिजे, असं सांगायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी बागेत आली होती. तिनं शिकवलं, भिंतीला एक हात लावायचा, एक पाय उचलायचा आणि दहापर्यंत मोजायचं. मग दुसरा पाय. दात घासताना केलं की विसरत नाही, असंही म्हणाली.

आम्ही दोन दिवस केलं आणि सोडून दिलं. भिकनअण्णांनी मात्र धरलं. पुढं भाच्याच्या लग्नाला ते गावाकडं गेले. सकाळी ओसरीवर खांबाला हात लावून, तोंडात दातण, एका पायावर उभे. डोळे मिटलेले, कारण उन्हं तोंडावर येत होती.

समोरच्या घरातली म्हातारी बघून गेली. मग तिची सून बघून गेली. अर्ध्या तासात गल्लीत झालं, भिकनरावानं शहरात कायतरी नवस बोललाय. कुणी म्हणालं नातवासाठी, कुणी म्हणालं पावसासाठी. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाय उचलला आणि डोळे उघडून बघतात तर पुढं दोन बाया नारळ घेऊन पाया पडायला उभ्या!

"मग काय केलं हो तुम्ही?" आम्ही विचारलं.

"काय करता? म्हणलं, बायांनो थांबा. आधी दुसरा पाय खाली ठिवू द्या, मंग पडा!"

*

रशीदभाईंना ऐकू कमी यायचं. ते स्वतः मानायचे नाहीत. "लोगां धीरे बोलते," एवढंच म्हणणं. आम्ही हाक मारली तरी पुढं निघून जायचे. गेटबाहेर रस्ता ओलांडताना एकदा मागून रिक्षा आली, हॉर्न वाजवून वाजवून थकली, हे आपले सरळ. रिक्षा हातभर अंतरावर थांबली. मंदाताईंनी त्यांना तिथंच रस्त्याच्या कडेला उभं करून असं झापलं, की ते बरोबर ऐकू आलं! आठवड्यात कानाची मशीन बसवली.

मशीन लावून पहिल्यांदा बागेत आले तेव्हा चेहरा पार गोंधळलेला. दोन पावलं टाकायचे, थांबायचे. स्वतःच्या चपलेकडं बघायचे. पानं वाजली की वर बघायचे. आम्हाला वाटलं मशीन बिघडली.

कडुनिंबाखाली येऊन उभे राहिले. बराच वेळ मान वर. मग माझा दंड धरून हळूच म्हणाले, "मियाँ, ये चिडियाँ कबसे हैं इधर?"

"पहिल्यापासून आहेत, रशीदभाई."

 त्या दिवशी रशीदभाई चालले नाहीत. झाडाखालीच बसले.

दोन दिवसांनी अण्णांनी विचारलं, "घरी बी लावता का मशीन?"

"घरमें कायकू?" रशीदभाई म्हणाले, "बेगम क्या बोलती, वो सब चालीस बरसका याद है!"

*

मंदाताईंनी एकदा बागेत बीपीचं मशीन आणलं. बाकावर बसून एकेकाचा हात बांधायच्या, वहीत लिहायच्या. सर सगळ्यांना समजावत होते, हात कसा ठेवायचा, बोलायचं नाही, पाय जमिनीला टेकवायचे. स्वतः मात्र उभे.

"सर, तुमचं?"

"माझं नॉर्मल असतं. मी सगळं पाळतो. मीठ कमी, सहाला उठणं, पाणी..."

"बसा."

बसले. मंदाताईंनी मोजलं. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताचं. सर म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलंय." त्यांनी लगेच अण्णांचं मोजलं. अण्णांचं व्यवस्थित.

सरांचा चेहरा उतरला. पाटीवर सोडवलेलं उदाहरण चुकलं आणि पोरं हसली, तर मास्तर जसे बघतील तसे ते त्या पट्ट्याकडं बघत होते. "डोकं दुखतंय का?" मंदाताईंनी विचारलं. "ते तर दोन-तीन वर्षांपासून दुखतं," सर म्हणाले, "चष्म्याचा नंबर असेल म्हणून..."

मंदाताईंनी त्यांना घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरकडं. मीही सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, असंच चाललं असतं तर एखाद्या दिवशी उठलाच नसता. गोळ्या लिहून दिल्या, रोज घ्यायच्या म्हणून बजावलं.

परतताना रिक्षात सर एकच वाक्य घोळवत होते. "पण मी तर सगळं पाळतो हो! सगळं पाळतो!"

मंदाताई त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "पाळता सगळं, पण मोजलं कधी नाही. आणि म्हणे गणिताचे!"

*

आता हा शेवटचा. हा मला अजून उलगडलेला नाही.

गोविंदमामा आणि कमलमावशी हे जोडपं गेल्या वर्षी लेकीकडं राहायला आलं आणि आमच्या बागेत येऊ लागलं. मामा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. कापूस असो, कांदा असो, सकाळपासून मोजलेल्या पन्नास गाड्यांची वजनं संध्याकाळी कागद न बघता सांगायचे, असा लौकिक. मावशी मात्र अलीकडं विसरू लागल्या होत्या. भाजीत दोनदा मीठ पडायचं. एकदा बागेतून घरी जायला निघाल्या आणि उलट्या गेटनं बाहेर पडल्या. लेकीला काळजी लागली.

मंदाताईंनी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना बागेतल्या हॉलमध्ये बोलावलं. साठीच्या पुढच्या सगळ्यांची स्मरणशक्ती तपासायची, म्हणजे मावशींना एकटीला काही वाटायला नको.

डॉक्टरीणबाई मावशींना म्हणाल्या, "तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. आंबा, चावी, पूल." मावशींनी दोनदा म्हणून दाखवले. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं, घड्याळाचं चित्र काढून झालं, आणि बाईंनी विचारलं, "आता सांगा, तीन शब्द कोणते?"

मावशींनी पदर बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला. मामांकडं बघितलं. मामा खाली बघत होते.

"नाय आठवत, बाई," मावशी म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की रशीदभाईंनी मशीनला हात लावला.

मग मामांची पाळी. तेच तीन शब्द. मामांनी ते आधी शेजारी बसून ऐकलेले, आता पुन्हा ऐकले. पाच मिनिटांनी बाईंनी विचारलं.

मामा बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नाय बुवा. एक बी नाय."

 आणि एकदम मावशी हसल्या! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघा! आन् मलाच नावं ठेवत व्हते!"

बाहेर आल्यावर आमच्यात एकच चर्चा. पन्नास गाड्यांची वजनं तोंडपाठ ठेवणारा माणूस तीन शब्द विसरतो? सर म्हणाले, शक्यच नाही. अण्णा म्हणाले, "बायकूसाठी नापास झाला गडी!" मंदाताईंनी डोळे पुसले. मलाही खात्री पटली.

दहा-बारा दिवस गेले. एकदा सकाळी मी मेंदीच्या कुंपणाच्या अलीकडून चाललो होतो. पलीकडून हे दोघं, हातात हात. दिसत नव्हते, पण आवाज येत होता.

"आंबा," एक जण म्हणालं.

"आंबा... चावी," दुसरं.

"मंग?"

"मंग... थांब, सांगतो."

कुंपण संपलं तिथं दोघं समोर आले. मावशी फुलं बघायला पुढं गेल्या. मी संधी साधली. मामांजवळ जाऊन डोळा मिचकावला आणि हळूच म्हटलं, "मामा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला सगळं आठवत होतं ना?"

मामा थांबले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"कोणत्या दिवशी?" ते म्हणाले.