सुलैबियाच्या विहिरी जुलैत का चढल्या

"भर जुलैत पाणी वर? तुमच्या विहिरींवरच पाऊस पडला की काय?" साहेबांनी माझा ग्राफ टेबलावर पसरला.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. कुवेतमधल्या सुलैबियाच्या मचूळ पाण्याच्या विहिरी मोजणं हे माझं काम. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचं. दर महिन्याची लेव्हल अशी मांडली, की उन्हाळा निभेल का ते सांगता येतं. एप्रिलपासून माझी लेव्हल चढतच होती. शनिवारी मीटिंग होती. नव्या वसाहतीला याच विहिरींचं पाणी जोडायचं की नाही, ते तिथे ठरणार होतं. आकडे चुकीचे असले तर ऑगस्टमध्ये सगळ्यांचेच नळ कोरडे.

"पुन्हा मोजून येतो," मी म्हणालो.

वाटेत जीप वाळूत रुतली. शेवटचा मैलभर मी चालत गेलो. लांबूनच पंपांची धडधड ऐकू आली आणि मला नवल वाटलं. मी जायचो तेव्हा तिथे नेहमी शांतता असे.

पंप सांभाळायला एप्रिलपासून दाऊदभाई होते, दापोलीकडचे. आता इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचं पत्र आलं, दाऊदभाई वारल्याचं. तेव्हापासून हा प्रसंग मनातून जात नाही. माझ्या पिशवीत कायम पुस्तक असे, म्हणून ते मला मास्तर म्हणत.

मला पाहताच ते स्विचकडे धावले.

"दाऊदभाई, थांबा! बंद कशाला करताय?"

"अवो मास्तर, पाव्हणा दारात नि हे पंप बोंबलतायत, बरं दिसतं काय? दर खेपेला जीपची धूळ दिसली की बंद करतो. आज तुमी चालत आलात, फसवलंत!"

"आणि पंपांच्या वहीत 'पंप चालू' लिहिता?"

"चालूच असतात की. चाय होईपर्यंत तेवढे बंद."

पंप थांबला की विहिरीतलं पाणी आपोआप वर येतं. एप्रिलमध्ये आमची ओळख नव्हती, तेव्हा चहा दहा मिनिटांत संपे. जुलैत गप्पा तासभर चालत. आणि माप मी चहानंतर घ्यायचो. शांतता कशामुळे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पंप चालू ठेवून टेप सोडली. पाणी बरंच खाली होतं.

शनिवारी मीटिंगच्या आधी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ग्राफ पुन्हा टेबलावर पसरला. मग म्हणाले, "म्हणजे हा पाण्याचा ग्राफ नाही. तुमच्या दोस्तीचा आहे."

"हो सर."

"चांगली वाढलीय."

नवी वसाहत त्या वर्षी जोडली नाही. उन्हाळा कसाबसा निभला. माझ्या मोजणीच्या वहीत एक रकाना वाढला: माप घेताना पंप चालू की बंद. दाऊदभाईंना त्याचा राग आला नाही. चहा तेवढा ते पंपांच्या आवाजात, ओरडून बोलत पाजू लागले.

आकडा मनासारखा आला, की तो घ्यायला आपण तिथे किती वेळ बसलो होतो, ते आधी पाहावं.