नरेशच्या नावाचा मेलबॉक्स

आधीच सांगून टाकतो... मी कॉम्प्युटरवाला माणूस आहे. गोंदियातल्या राइस मिलमध्ये नेटवर्क टाकायचं, कॅमेरे बसवायचे, रुसलेले प्रिंटर चालू करायचे, हा माझा धंदा. "भैया, मशीन में भूत है" असं आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतं आणि दर वेळी सैल झालेली वायर निघते. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर हसत हसतच वाचले. आता माझाच लिहायला बसलोय. तुम्हीही हसा, माझं काही म्हणणं नाही.

गोंदियाला लागूनच कुडव्याला आमचं घर. मी, बायको सुषमा आणि माय. आम्ही आईला मायच म्हणतो. माझा धाकटा भाऊ नरेश चिचगडकडे तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला होता. सहा वर्षांपूर्वी सकाळी कामावर म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. मोटरसायकल जंगलातल्या रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पोलीस झाले, दवाखाने झाले, जंगल पालथं घालून झालं. तेव्हापासून माय सणावाराला नरेशचं ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि संध्याकाळी ते गाईला जायचं.

दोन वर्षांपूर्वी मला स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलचं घरचंच पोस्ट ऑफिस म्हणा, लावायची खाज सुटली. एका मिलनं भंगारात काढलेला डेस्कटॉप आणला, देवघराशेजारच्या फळीवर ठेवला, इन्व्हर्टरवर जोडला. दोन महिने डोकं फोडलं. बाहेर मेल जाईचना. नेटवाल्याला विचारलं तर म्हणे, "भैया, वो पोर्ट तो ऊपर से ही बंद है." तो वरचा कोण, हे त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी मेल बाहेर जायला लागली, पण सगळी स्पॅममध्ये! घरातल्या घरात मात्र एकदम झकास.

आम्हा तिघांचे मेलबॉक्स उघडले. माय शेजारी बसून बघत होती.

"अन् नरेशचा?"

"त्याचा कायले, माय?"

"काऊन? ताट वाढतो ना आपन त्याचं? मंग याच्यातही मांड."

मांडला. पासवर्ड सर्व्हरनंच बनवलेला, बत्तीस अक्षरांचा. तो मी कोणाला दिला नाही, कुठे लिहूनही ठेवला नाही.

मायला वाचायला जड जातं, त्यात मोतीबिंदू. म्हणून ती बोलेल ते टाइप होईल आणि आलेली मेल फोन मोठ्यानं वाचून दाखवेल, अशी सोय करून दिली. सर्व्हरचे ठराविक इंग्रजी संदेशही हौसेनं मराठीत करून टाकले. फार हुशारी वाटली होती तेव्हा स्वतःची.

मग रोज दुपारी जेवायच्या आधी माय नरेशला मेल करायला लागली. "जेवला का रे बाबू? मामाच्या बांदीतला धान निसवला. आज लाखोरीचं वरण हाये." तिला बरं वाटायचं. मी कधी लक्ष घातलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर डिस्क भरत आली, म्हणून कोणाचा मेलबॉक्स किती मोठा ते बघत होतो. नरेशच्या मेलबॉक्समध्ये चारशेच्या वर मेल होत्या. त्यातल्या अकरा वाचलेल्या.

अगदी पहिल्या अकरा, ओळीनं. लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची मशीननं ठेवलेली नोंद, उघडला तर अकरा दिवसांपासून रोज एक लॉगिन, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. आमच्या घरातूनच. पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर.

आधी सुषमावर संशय घेतला, त्यावरून भांडण झालं. मग पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी एक दहाला बारावी मेल वाचली गेली. मग तिघांचेही फोन बंद करून स्टीलच्या डब्यात घातले, वाय-फाय बंद केलं, सर्व्हरची नेटची वायर उपटली. मशीनला फक्त विजेची वायर उरली. स्क्रीनसमोर बसून राहिलो. भर दुपार, स्वयंपाकघरात माय जेवत होती, शेजारी कोणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत होता. एक दहाला स्क्रीनवर ओळ उमटली... नरेश. लॉगिन यशस्वी.

मी उपटलेली वायर परत परत तपासायला लागलो. मायनं पाहिलं, विचारलं, आणि मी सांगून बसलो. सांगायला नको होतं.

"वाचून राहिला ना तो?" तिचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. "मंग येते तो. वाचून राहिला म्हणजे येते."

तिनं नरेशची खाट झाडून घेतली, त्याच्या मापाचा शर्ट आणायला लावला. नागपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, ते तिनं मोडलं. "मी तिकडं गेली अन् तो आला तं?" दुपारी तर ती अंगणातही जाईना. डोळा जायची वेळ आली होती.

सुषमा म्हणाली, "अहो, बंद करा ते. या आशेपायी आईंचा डोळा जाईल."

पटलं मला. आणि खरं सांगतो, भीतीही वाटत होती. एका सकाळी मी नरेशचा मेलबॉक्स बंद केला. मायला सांगितलं नाही.

एक दहाला लॉगमध्ये ओळ आली... नाकारलं. मिनिटानं परत. नाकारलं. परत. दाराची कडी कोणी वाजवत राहावी तसं चाललं होतं. मी नुसता बघत होतो. सात वेळा झालं असेल, तेवढ्यात स्वयंपाकघरातून फोनचा तो गुळगुळीत आवाज आला.

"आपली मेल परत करत आहोत. या नावाचं कोणी येथे राहत नाही. कृपया पुन्हा पाठवू नये."

माझंच वाक्य. मीच लिहिलेलं, हौसेनं. ते मी साफ विसरलो होतो.

धावत गेलो. मायच्या हातात घास तसाच होता. तिनं तो ताटात परत ठेवला.

"कोनं सांगतलं हे?"

"मशीननं, माय. चुकून."

"मशीनले कोनं सांगतलं?"

मी तसाच मशीनकडे पळालो.

मेलबॉक्स तिथल्या तिथे चालू केला. शेवटचा प्रयत्न एक एकोणीसचा होता, मी चालू केला एक एकवीसला. त्यानंतर कोणी आलं नाही. आज इतके महिने झाले, रोज एक दहाला मी लॉग बघतो. मिलमध्ये असलो तर फोनवर बघतो. वायर काढलेल्या मशीनमध्ये कोण येत होतं, ओळखीच्या तिघा-चौघा जाणकारांना विचारलं. एकानं घड्याळाची गडबड म्हटलं, एकानं मला झोप घ्यायला सांगितलं.

मायचं ऑपरेशन झालं. आता तिला स्वच्छ दिसतं. मेल ती करत नाही. पोळ्याला तिनं तीनच ताटं वाढली, आणि चौथं का नाही हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

एक गोष्ट उरली. मेलबॉक्स परत चालू केल्यावर त्यात एक मसुदा सापडला. न पाठवलेला, मी बंद करण्याच्या आदल्या दुपारचा. पत्ता मायचा. आत एकच शब्द, "माय", आणि पुढे कोरं.

परवा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "बंद करायच्या आंधी त्याचं काही आलतं का रे?"

मी म्हणालो, "नाही, माय."